पस्तीसची लेन्स

त्या रविवारी बाबांनी सकाळीच दाढी केली होती. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये ऑक्टोबरचा शेवट म्हणजे अंगणातली पानं कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला लावायचे दिवस. ऋषी आणि बाबा नऊ पिशव्या भरून आत आले, तेव्हा बाबांच्या डाव्या गालावर कापल्याचा एक लाल ठिपका होता. त्या गालावर वस्तरा फिरवताना त्यांना अंदाज यायचा नाही. दीड वर्षापूर्वी, मिरजेला असताना, त्यांच्या तोंडाला लकवा मारला होता. हातपाय शाबूत राहिले, बोलणंही बऱ्यापैकी सुधारलं. पण ओठांचा डावा कोपरा खाली ओघळला तो ओघळलाच. चहा पिताना हनुवटीशी रुमाल धरावा लागे.

"सासरेबुवा, एकदम टकाटक," ऋषी म्हणाला.

"फोटो आहे ना आज," बाबा म्हणाले. "तुमच्या ऐंशी घरांत जायचं म्हणजे दाढी नको का?"

ऐंशी घरं म्हणजे दिवाळीचं कार्ड. दरवर्षी आश्लेषा घरच्यांचा एक फोटो काढून त्याची कार्डं छापून घेई आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना धाडत असे. त्यात तिचा थोडा स्वार्थही होता. आठवडाभर ती घरूनच एका कंपनीचं डेटाचं काम करायची, पण शनिवार-रविवारी बेसमेंटमध्ये लोकांचे पोर्ट्रेट काढायची. तेच कार्ड तिच्या वेबसाइटवर लागे, आणि ते पाहून लोक फोन करत.

जूनमध्ये आई-बाबा आल्यापासून या कामात तिला एक मदतनीस मिळाला होता. माणसं यायच्या आधी दिवे लावून बघायचे तर बाकावर कुणीतरी बसावं लागतं. ते काम बाबांनी आपण होऊन घेतलं. अडतीस वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. बांधाबांधावर तासन् तास उभं राहायची सवय होती. गादी घातलेल्या त्या बाकावर ते गुडघ्यांवर हात ठेवून बसत आणि प्रश्न विचारत.

"आज ही लांबुडकी का लावलीस?"

"पंच्याऐंशीची आहे. जवळून काढलं की नाक मोठं येतं, बाबा. लांबून काढलं की चेहरा जसा आहे तसा येतो."

"मग माझा जमल्यास मिरजेहून काढ."

तिच्या लेन्स सगळ्या प्राइम होत्या: पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी. आकडा लहान, तितकी चौकट रुंद. त्या फिरवून चित्र जवळ-लांब होत नाही. जवळ-लांब व्हायचं ते आपल्या पायांनी. आणि कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. त्याचा अर्थ बाबांनी पहिल्याच आठवड्यात समजून घेतला होता. "म्हणजे भिंग मोठ्या पाटीसाठी केलेलं, आणि तुझी पाटी लहान. कडेचं सगळं बाहेर सांडतं. म्हणून पन्नासची पंच्याहत्तर होते." आश्लेषाला हे क्लासमध्ये शिकायला दोन तास लागले होते.

माणसं येऊन गेली की ती बाबांवर घेतलेले चाचणीचे फोटो पुसून टाकायची. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात जागा करायची, एवढंच. कधी त्यांनी दाखव म्हटलं नाही, कधी तिने दाखवले नाहीत.

तर त्या रविवारी सगळे खाली उतरले. बाकावर आई, मध्ये आश्लेषाची नऊ वर्षांची लेक आरोही, आणि डाव्या टोकाला बाबा. ऋषी मागे, फोटोसाठी टांगलेल्या पडद्यापुढे उभा. ऋषीशेजारी आश्लेषाची जागा मोकळी, तिच्या हातात रिमोट. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोरच्या भिंतीला टेकलेला. त्यावर पन्नासची लेन्स. पस्तीसची बॅगेत, तिच्या पायाशी.

तिने स्क्रीनमध्ये पाहिलं. आईची मोरपिशी साडी छान दिसत होती. आरोही छान दिसत होती. डाव्या कडेला बाबांचा खांदा कापला जात होता, चेहरा मात्र आत येत होता. ते हसायचा प्रयत्न करत होते, आणि हसताना तो कोपरा जास्तच ओघळायचा.

वाकायचं, बॅगेची चेन उघडायची, लेन्स बदलायची. अर्ध्या मिनिटाचं काम.

"बाबा," ती म्हणाली, "यात पाच जण बसत नाहीयेत. क्रॉप सेन्सर आहे ना माझा. मागे सरकावं तर भिंत आहे. तुमचा आणि आईचा नंतर वेगळा काढते."

"अगं, मग मी उठते की," आई म्हणाली. "यांना घे."

"आई, तू बस गं."

बाबा तोवर उठलेच होते. "बरोबर आहे तिचं. हद्दीत बसत नाही ते नाही." बाकाच्या डावीकडे जाऊन ते उभे राहिले. "इथे चालेल?"

"थोडं अजून. पडद्यावर सावली येतेय तुमची."

ते सरकले. "आता?"

"अजून थोडं."

ते अजून सरकले.

"आजोबा, डू द कॅट!" आरोही ओरडली. लकव्यानंतर बाबांनी आपल्या वाकड्या तोंडाचं एक मांजर बसवलं होतं, फक्त नातीसाठी. त्यांनी ते केलं. आरोही खिदळली, आई "काय हे" म्हणत हसली, ऋषी हसला. ऋषीशेजारी जाऊन उभ्या राहिलेल्या आश्लेषाने रिमोटचं बटण दाबलं. सगळे एकाच दिशेला बघत होते, सगळ्यांचे चेहरे खुलले होते. तिने आजवर काढलेल्या घरच्या फोटोंत तो सर्वांत चांगला होता.

सोमवारी दुपारी जेवून बाबा सोफ्यावर आडवे झाले. चार वाजता आई चहाला उठवायला गेली. ते उठले नाहीत.

---

फ्युनरल होममधल्या बाईंनी फोटो मागितला तेव्हा आश्लेषाने पासपोर्टचा दिला. आठ वर्षांपूर्वीचा, सरळ ओठांचा. तो मोठा करून स्टँडवर ठेवला होता. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हा कोण?" घरी आल्यावर ती म्हणाली.

"आई, बाबाच ना."

"हे पासपोर्टातले. मला माझे दे. या उन्हाळ्यातले, इथले. मिरजेला भिंतीवर लावायचाय. एवढे ढीगभर फोटो काढत होतीस त्यांचे, खाली बसवून."

"आहेत," आश्लेषा म्हणाली. "शोधून देते."

तिने शोधले. ऋषीच्या फोनमध्ये तीन सापडले: एकात बाबांची पाठ, एकात रुमालाआडचा चेहरा, एकात लांब तळ्याकाठी टोपी घातलेला कुणीतरी. लकव्यानंतर फोन समोर आला की ते मान वळवत. त्यांनी मान वळवली नव्हती ती फक्त तळघरातल्या त्या बाकावर. पुसलेले फोटो परत मिळवायचं एक सॉफ्टवेअर तिने रात्रंदिवस चालवलं. मेमरी कार्डावर इतक्यांदा दुसऱ्यांचे चेहरे लिहिले गेले होते, की हाती आल्या त्या नुसत्या करड्या पट्ट्या.

दिवाळीची कार्डं गेली नाहीत. पण आरोहीने तो चौघांचा फोटो छापून फ्रिजवर लावला. आई रोज दूध काढताना त्याच्यापुढे थांबायची. तिचं परतीचं विमान डिसेंबरच्या मध्यावर होतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आश्लेषाने पुन्हा काम सुरू केलं. पहिली आली ती सलोनी, ॲन आर्बरहून. नव्या नोकरीसाठी फोटो हवा होता. पंच्याऐंशी लावली. सलोनी अवघडून बसली होती, आणि पाचव्या-सहाव्या फोटोला एकदम फुटल्यासारखी हसली.

"सॉरी ताई. का कोण जाणे, हसायलाच आलं." ती डावीकडे बघत होती. तिथे काही नव्हतं. नुसतं कार्पेट, आणि त्याच्या पलीकडे दिव्याचा स्टँड.

तोच फोटो तिला सर्वांत आवडला. आश्लेषाने तो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा मागच्या पडद्यावर अगदी डाव्या कडेला एक मऊ, राखाडी पट्टी दिसली. कशाची तरी सावली. दिवा डावीकडून होता, तेव्हा दिव्याच्या आणि पडद्याच्या मध्ये काहीतरी आलं असणार. तिने कड कापून टाकली.

पुढच्या रविवारी जय आणि त्याची बायको अनिका आले. दोघं असल्यामुळे पन्नास. ते दोघंही मध्येच डावीकडे पाहून हसले, आणि मग एकमेकांकडे पाहून, का हसलो म्हणून हसले.

"यार, किती नॅचरल येतात तुझे फोटो," जय म्हणाला. "आम्ही काय पोझ पण नाही दिली."

पट्टी होती. डाव्या कडेला, तेवढीच रुंद.

ते गेल्यावर आश्लेषा बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बसली. तिला हिशेब जुळेना. पंच्याऐंशीने बाकापाशी तीन फुटांची जागा दिसते, पन्नासने पाचांहून थोडी जास्त. भिंतीवरचा डाग, दिव्याचा दांडा, काहीही असलं तरी तीन फुटांच्या चौकटीत जे कडेला दिसेल ते पाच फुटांच्या चौकटीत फूटभर आत यायला हवं. आलं नव्हतं. कडेलाच होतं.

मंगळवारी दुपारी, ऋषी ऑफिसात आणि आरोही शाळेत असताना, ती एकटी खाली गेली. वर आई वाती वळत बसली होती. दिव्याचा स्टँड तिने दोन हात मागे नेला. रिकाम्या बाकाचे तीन फोटो काढले, तीन लेन्सनी. बाहेर बर्फ पडत होता आणि खिडकीतून येणारा उजेड पांढरा, सपाट होता.

पंच्याऐंशी: कडेला पट्टी.

पन्नास: कडेला पट्टी.

पस्तीस: साडेसात फुटांची ऐसपैस चौकट, बाक एकटा मध्ये, दोन्हीकडे मोकळा पडदा. आणि डाव्या कडेला पट्टी. या वेळी तिचा आकार स्पष्ट होता. वर गोल, मग मानेपाशी आत, मग बाहेर उतरत जाणारा. खांदा.

जे कुणी होतं ते लेन्सबरोबर सरकत होतं. चौकट जेवढी रुंद होई, तेवढं ते मागे जाई, आणि अगदी हद्दीबाहेर थांबे.

ती त्या जागी गेली. हवा इतर हवेसारखीच होती. तिने वाकून कार्पेट पाहिलं. कार्पेटचे धागे दोन ठिकाणी दबले होते, पावलांएवढे, शेजारी शेजारी. बाकाकडे येताना अशाच खुणांची आणखी एक जोडी. बाकाच्या अगदी जवळ तिसरी.

मोजायला हवं, असं तिच्या मनात आलं. मोजलं की काहीतरी चुकलेलं सापडतं. बाबांच्या बॅगेत त्यांची मोजणीची फीत होती. ती वर जाऊन घेऊन आली. फितीला रबरबँडने एक छोटी वही बांधलेली होती. निवृत्तीनंतरही खिशात अशी वही ठेवायची त्यांची सवय.

तिने प्रत्येक लेन्सची चौकट जमिनीवर मोजली. तीन फूट. पाच फूट दोन इंच. सात फूट चार इंच. तिन्ही वेळा दबलेल्या खुणा कडेपासून बरोबर वीतभर बाहेर होत्या.

आकडे टिपून घ्यायला तिने वही उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तेच आकडे होते.

बाबांच्या बारीक, खात्यात घोटलेल्या अक्षरात. *शनिवार. तळघर. कॅमेरा ते बाक ११ फूट. ८५ – ३ फूट, माणसं २. ५० – ५ फूट २ इंच, माणसं ४. ३५ – ७ फूट ४ इंच, माणसं ५, ऐसपैस.* आणि खाली: *उद्या आशूला ३५ लावायला सांगणे.*

ही शेवटची ओळ पट्टी धरून, एका सरळ रेघेने खोडलेली होती. रेघेखाली लिहिलं होतं: *रविवार.*

आश्लेषा जमिनीवर बसली. तिचे कान तापले, मग गाल, जसं लहानपणी वर्गात उभं केल्यावर व्हायचं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. नुसतं कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटत राहिलं. आणि कुणीतरी बघत होतं.

जिन्यावर आईची पावलं वाजली. कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत.

"सापडला का फोटो?"

आश्लेषाने वही मिटली. "नाही."

"बरेच आहेत म्हणाली होतीस."

"होते. मी पुसले, आई. प्रत्येक वेळी."

आई बाकापर्यंत चालत आली, आणि बसली. अगदी मध्यभागी. पदर सारखा केला.

"काढ," ती म्हणाली.

"तुझा?"

"काढ तर."

कॅमेऱ्यावर पस्तीस तशीच होती. आश्लेषा उठून स्क्रीनमागे उभी राहिली. पांढऱ्या उजेडात आई लहानखुरी दिसत होती. डाव्या कडेला खांदा.

आईने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. ती डावीकडे बघत होती, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी, थोडी वैतागून. मग ती बाकावर उजवीकडे सरकली. शेजारच्या गादीवर पसरलेला पदराचा शेव उचलून तिने मांडीवर घेतला.

"अहो, या ना," ती म्हणाली. "किती वेळ उभे राहणार?"

आश्लेषाने स्क्रीनमध्ये पाहिलं.

सावली हलली नाही.

"माझं ऐकायचे नाहीत," आई म्हणाली. "तू बोलाव. तुझ्या सांगण्यावरून उभे आहेत ते."

"आई, चल वर. तू..."

"बोलाव."

"बाबा," आश्लेषा म्हणाली. "या. बसा."

स्क्रीनमधली पट्टी अरुंद झाली. ते आणखी सरकले होते.

"बाबा, आता पस्तीस लावलीय. पाचही जण बसतात. तुमच्यासाठी भरपूर जागा आहे."

पट्टी दोऱ्याएवढी उरली. मग नाहीशी झाली. पडदा कडेपर्यंत कोरा.

"लेन्सचं नको सांगूस," आई हळूच म्हणाली. "भिंगांचं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळायचं."

वर फ्रिजचा घुर्र आवाज सुरू झाला आणि थांबला.

"तेव्हाही होती," आश्लेषा म्हणाली. "पस्तीस. माझ्या पायाशी, बॅगेत."

कडेला राखाडी दोरा उमटला.

"मला माहीत होतं बसतील ते. तुम्ही मोजलंत, तसं मीही मोजलं होतं."

खांदा आत आला. मग मान. कार्पेटवर धागे दबल्याचा आवाज इतका बारीक होता, की तो आपल्याला ऐकू आला यावर तिचा विश्वास बसेना. चौकटीच्या निम्म्यावर येऊन सावली थांबली, पाय जुळवून, परवानगीसाठी थांबल्यासारखी.

"कार्डावर... लोक बघतील म्हणून. ऐंशी घरं."

ती थांबली. सावलीही थांबून राहिली. आईने मान खाली घातली होती.

आईच्या शेजारची गादी हळूहळू खाली गेली, आणि तिथेच राहिली.

आश्लेषाने स्क्रीनवरून नजर उचलली नाही.

"मला तुमच्या तोंडाची लाज वाटत होती, बाबा."